रक्तदानाचं पोस्टर पाहून

नारायण पेठ, पुणे

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू व्हॉट्सअॅपवर रक्तदान शिबिराचं पोस्टर पाठवलंस आणि खाली लिहिलंस, ‘काका, कसं झालंय? खरं सांगा.’ खरं सांगायचं तर तारीख शोधायला मला चित्र बोटांनी दोनदा मोठं करावं लागलं. फोनवर बोलून हे नीट समजावता येणार नाही, म्हणून पत्र.

पोस्टरवर काय काय आहे ते मी मोजलं. सहा फाँट. मधोमध रक्ताचा थेंब, थेंबात हृदय, हृदयावर चकाकी. मंडळाच्या नावाला सावली. खाली अकरा जणांचे फोटो, त्यात अध्यक्षांचा दुप्पट. तारीख, वेळ आणि जागा उरलेल्या फटीत. एकेक गोष्ट तू मन लावून केली आहेस, ते दिसतं. पण लग्नघरात सगळे एकदम बोलायला लागले की गुरुजी काय सांगतायत ते कुणालाच ऐकू येत नाही, तसं झालंय.

हा फ्लेक्स अलका चौकात लागणार म्हणतोस. (महापालिकेची परवानगी काढली आहे असं धरून चालतो.) तिथे सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवाल्याचं निम्मं लक्ष दिव्यावर असतं. त्याची नजर क्षणभर वर गेली तर त्याला आधी ‘रक्तदान’ दिसलं पाहिजे, मग ‘रविवार, सकाळी ९’, मग जागा. एवढंच. खजिनदार कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आकार, रंग, अंतर, मोकळी जागा ही सगळी अवजारं हा क्रम लावण्यासाठीच असतात. तू क्रम न ठरवताच अवजारं काढलीस. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागदावर एक, दोन, तीन लिही आणि चौथं लिहिण्याचा मोह आवर.

आणि एक गोष्ट कळायला मला फार वर्षं लागली. एखादी गोष्ट उठून दिसायला ती मोठी करावीच लागते असं नाही, शेजारच्या चार लहान केल्या तरी भागतं. तू ‘रक्तदान’ मोठं केलंस, मग मंडळाचं नाव मागे पडलं म्हणून तेही मोठं केलंस, मग थेंब. अशी चढाओढ संपत नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो. उमेदवारीच्या काळात मी एका छापखान्यात लग्नपत्रिकांची जुळणी करायचो. एका पत्रिकेत शोभा यावी म्हणून मी कार्यालयाचा पत्ता आणि निमंत्रकांच्या घरचा पत्ता एकाखाली एक लावले, एकाच आकारात, आणि वर एकदाच ‘स्थळ’ लिहिलं. प्रूफ तिघांनी वाचलं. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. मुहूर्ताला तासभर असताना वधूपित्याच्या कुलूपबंद घरासमोर पाहुण्यांच्या तीन रिक्षा उभ्या होत्या. एक आजोबा शेजाऱ्यांना विचारत होते, ‘लग्न मोडलं का हो?’ त्या दिवशी मी जेवायला गेलो नाही, आमंत्रण असूनही.

जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकाच घरातल्या समजतो. माक्स वेर्टहायमर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली हे नुसत्या ठिपक्यांच्या ओळी काढून मांडलं. ठिपके तेच, फक्त दोन-दोन जवळ सरकवले की आपल्याला जोड्या दिसायला लागतात. न पाहायचं ठरवलं तरी दिसतात. माझ्या पत्रिकेत त्या दोन पत्त्यांमध्ये चार ओळींची जागा सोडली असती आणि खालच्यावर ‘निवास’ एवढा शब्द टाकला असता तर भागलं असतं. चौकट, वेलबुट्टी, वेगळा फाँट, कशाचीच गरज नव्हती. तुझ्या पोस्टरवर शिबिराची वेळ मंडळाच्या स्थापनेच्या सालाला खेटून बसली आहे, आणि नावनोंदणीचा मोबाइल नंबर खजिनदारांच्या फोटोखाली. लोक वर्गणीसाठी फोन करतील.

रंगाबद्दल तुझं-माझं भांडण होणार, कारण केशरीवर लाल अक्षरं तुला आवडली आहेत. लाल आणि केशरी हे रंग वेगळे आहेत, हे खरं. पण वाचताना डोळ्याला रंगातल्या फरकापेक्षा उजळपणातला फरक जास्त लागतो, आणि तो इथे फारच थोडा आहे. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची एक नियमावली आहे. तिच्यात साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी उजळपणाचं किमान ४.५ : १ गुणोत्तर सांगितलं आहे आणि मोठ्या अक्षरांना ३ : १. झेंड्यातल्या केशरीच्या जवळची छटा घेऊन त्यावर निखळ लाल ठेवला तर हे गुणोत्तर दोनपर्यंतही पोचत नाही. पांढरी अक्षरं घेतलीस तरी दोनच्या जरासं वर जातं, म्हणजे तेही नापासच. काळी घेतलीस तर जवळजवळ दहा. नियम स्क्रीनसाठी आहे, फ्लेक्ससाठी नाही, पण डोळे तेच आहेत आणि वर उन्हाची तिरीप. हिशोब करायचा नसेल तर पोस्टर कृष्णधवल करून पाहा. तुझं मी केलं. ‘रक्तदान’ गायब झालं.

अक्षरांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हे इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये मिळत नाही. तू ‘रक्तदान’ची अक्षरं फाकवली आहेस. रोमन लिपीत मोठी अक्षरं अशी ऐसपैस बसवली की भारदस्त दिसतात. आपली अक्षरं शिरोरेखेला लटकलेली असतात. ती फाकवली की रेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. आपल्याकडे कॅपिटल अक्षरंही नाहीत, म्हणजे महत्त्व दाखवायचं ते जाडीने, आकाराने किंवा जागेने. शिवाय वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्यास तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. तुझ्या ‘गुरुपुष्य’चं तेच झालंय. (रक्तदानाच्या पोस्टरवर गुरुपुष्य का आहे, ते मी विचारत नाही.) मराठी वळणाचा, पाकळीचा ल आणि देठाचा श येतोय ना, तेही पाहा. हिंदी वळणाचा ल मराठी शब्दात मला कुसासारखा टोचतो.

सहा फाँटांऐवजी ‘मुक्ता’ घे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेला आहे, फुकट मिळतो आणि त्यात सात जाड्या आहेत. दोनच वापर: एक सगळ्यात जाड, एक साधी. बाकीच्या पाच कितीही खुणावू देत.

समतोल, ग्रिड (मांडणीसाठी आखलेल्या रेघा) वगैरेचं फार मनावर घेऊ नकोस. सध्या डावीकडची एक कड धर आणि सगळं तिला चिकटव, निम्मं काम होईल. सगळं मधोमध ठेवायची सवय आपल्याला पत्रिकांनी लावली, त्यात माझाही वाटा आहे.

राहिले फोटो. ते काढ म्हटलं तर मंडळ तुलाच काढेल. अकराही एकाच मापात कापून खाली एका पट्टीत लाव, डोळे साधारण एका रेषेत येतील असे. अध्यक्षांना पट्टीत पहिला नंबर दे. कुणी तक्रार केली तर सांग, फ्लेक्सवाल्याकडे हेच माप बसतं. हे खोटं आहे, पण चालतं.

फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी बुधवारी संध्याकाळी घरी ये. लॅपटॉप आणू नकोस. पोस्टरवरचा सगळा मजकूर एकाच फाँटमध्ये, एकाच आकारात, काळ्यात छापून आण, ए-फोर कागदावर. आपण कात्रीने पट्ट्या कापू आणि टेबलावर नुसत्या सरकवून काय आधी वाचलं जातं ते बघू. काकूला चष्मा काढून लांब उभी करतो. तिला तारीख सापडली की मग रंगाचं बोलू.

तुझा,
काका