कॅनवरच्या ‘सिंथेटिक’ शब्दाच्या पलीकडे बघा

इंजिन ऑइल निवडताना आधी कंपनीची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) उघडा. बेस ऑइलचे, म्हणजे ज्यात ॲडिटिव्ह (गुण वाढवणारी रसायनं) मिसळतात त्या मूळ तेलाचे, पाच गट असतात. पहिल्या दोन गटांचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदललं तरी दाटपणा किती टिकतो त्याचा आकडा) ८० ते ११९, तिसऱ्याचा १२० किंवा जास्त, चौथा गट म्हणजे पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन हे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं तेल) आणि पाचव्यात एस्टरसकट उरलेलं सगळं. तिसऱ्या गटाचं ऑइलही बऱ्याच देशांत ‘सिंथेटिक’ म्हणून विकलं जातं. त्यात फसवणूक नाही, चांगलं बनवलेलं असेल तर ते उत्तम चालतं.

खरी मेख ॲडिटिव्हमध्ये आहे. साध्या बेस ऑइलमधून ५डब्ल्यू-४० (थंडीत पातळ, पण गरम इंजिनात ४० ग्रेडइतकं दाट राहणारं) बनवायचं तर पातळ तेलात व्हिस्कॉसिटी वाढवणारं पॉलिमर भरपूर घालावं लागतं. बेअरिंग, गिअरच्या दाबाखाली त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि ४० चं ऑइल ३० सारखं वागू लागतं. म्हणून एचटीएचएसचा, म्हणजे जास्त तापमान आणि जोराच्या घर्षणात टिकणाऱ्या दाटपणाचा आकडा बघा. एसीईए (युरोपातल्या वाहन कंपन्यांची संघटना) च्या ए३/बी४ मानकाला तो किमान ३.५ लागतो. नोॲक (तापवल्यावर किती तेल उडतं त्याची चाचणी) १३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ऑइल उडून जाऊन टॉप-अप वाढतो.

वरून ॲडिटिव्हची बाटली ओतू नका, कृपा करून! झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह झीज रोखतं, पण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) निकामी करतो. डिटर्जंट (इंजिन साफ ठेवणारं ॲडिटिव्ह) आणि झेडडीडीपी धातूच्या पृष्ठभागावर जागेसाठी भांडतात, त्यामुळे जमलेला तोल बिघडतो.

ओल्या क्लचच्या (इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचच्या) बाइकला जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ च हवं. घर्षण कमी करणाऱ्या कार ऑइलने क्लच घसरतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल कारला कमी राखेचं, एसीईए ‘सी’ वर्गातलं ऑइल, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रकारचं.