‘तापट’ हा गुण कसा?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं आहे: कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण झालं, त्यात प्रत्येकाला आपले ‘पर्सनॅलिटी ट्रेट्स’ लिहायचे होते. कागदावर मराठीत छापलं होतं ‘व्यक्तिमत्वाचे गुण’. ‘मी तापट आहे, हे गुणांत कसं लिहू? आणि व्यक्तिमत्वात त एक की दोन?’

ताईंची अडचण खरी आहे. सांख्यदर्शन या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात गुण तीन, सत्त्व, रज आणि तम; म्हणजे आळस-अज्ञानाचा तमही त्यात येतो. तिथे गुण म्हणजे फक्त चांगलं असं नाही. रोजच्या मराठीत मात्र गुण म्हणजे चांगलं तेवढंच, वाईट ते अवगुण. औषधाचा गुण येतो, परीक्षेत गुण पडतात. पोरानं ‘गुण उधळले’ म्हटलं की तो टोमणा होतो, कारण मूळ अर्थ चांगला धरलेला असतो. अशा मथळ्याखाली कुणीही कष्टाळू, प्रेमळ, प्रामाणिक एवढंच लिहिणार. ‘ट्रेट’ला मी ‘स्वभावविशेष’ म्हणेन. त्यात तापटही बसतं, मनमिळाऊही.

‘खोड’ मात्र म्हणू नका. खोड म्हणजे नखं खाणं, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं; ती एकेक कृती असते. स्वभावविशेष म्हणजे अनेक प्रसंगांत दिसणारा कल. ‘जित्याची खोड’ ही म्हण आपण सरसकट स्वभावालाही लावतो, तिथे गल्लत होते. अहिराणीत ‘तेना सभावच तसा शे’ म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही, विषय संपतो. मला हे वाक्य लहानपणापासून खुपतं.

मानसशास्त्रातला स्वभावविशेषांचा हा विषयही शब्दकोशातूनच वर आला, हे शब्दप्रेमींनी आवर्जून लक्षात ठेवावं. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढे इतरांनी तशा शब्दांची गाळणी करत करत मोठे पाच गट काढले: नवं स्वीकारण्याची वृत्ती, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. यातलं काहीही ‘आहे किंवा नाही’ असं नसतं. प्रत्येकात सगळंच असतं, कमीजास्त. वयानुसार ते हळूहळू सरकतंही.

हे कमीजास्त आपल्या प्रत्ययांना छान कळतं. तापट, रागीट यांतला ‘ट’ पाहा. खारट, आंबट यांतही तोच आहे. भरितात मीठ जरा जास्त पडलं की भरीत खारट. म्हणून कुणी मीठच वर्ज्य करत नाही, पुढच्या वेळी हात आखडता घेतो. लाजाळू, विसराळू, झोपाळू यांत ‘आळू’. चिडका, रडका, बोलका यांत ‘का’. आत डोकावलं तर बहुतेकांत क्रियापद सापडतं: तापणं, विसरणं, चिडणं. प्रत्यय लागला की क्रियेचं विशेषण होतं आणि ते माणसाला चिकटून बसतं.

म्हणून ताई, ‘मी तापट’ एवढंच लिहून थांबू नका. प्रत्यय काढून क्रियापद मोकळं करा: मी तापते. क्रियापद आलं की मराठी आपोआप विचारते, केव्हा? कुणावर? कशानं? ‘हिशेब जुळत नसताना कुणी घाई केली की तापते’ असं उत्तर निघालं, तर करण्यासारखं काही हाती लागतं. हिशेब सकाळीच उरकता येतो, किंवा ‘दहा मिनिटं थांबा’ म्हणता येतं. ‘तापट’ला असे प्रश्न विचारता येत नाहीत.

आता त. ‘व्यक्तिमत्’ला ‘त्व’ लागतो, म्हणून व्यक्तिमत्त्व, त दोन. महत् + त्व महत्त्व, तसंच. नेतृत्व, अस्तित्व यांत आधी त् नाही, तिथे एकच. छापलेल्या कागदावर चूक आहे, तुमची शंका बरोबर. घोटाळा झालाच तर तुमच्याच गावातलं, प्रताप शेठांनी उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर आठवा: तत् + त्व, तिथेही त दोन.