कल्चर निगेटिव्ह, तरी जळजळ कायम

वाचकांचे प्रश्न : लैंगिक आरोग्य

प्रश्न : वय 31. तीन महिन्यांपासून लघवी सुरू होताना जळजळ होते आणि सकाळी टोकाशी थेंबभर चिकट पाणी दिसतं. घरचे म्हणतात उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा सगळं करून झालं. युरीन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) दोनदा निगेटिव्ह. सरकारी दवाखान्यात करड्या रंगाचं किट दिलं. दहा-बारा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. – एक वाचक, सांगली

उत्तर : धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, पण सकाळी स्राव दिसतोय म्हणजे ही नुसती उन्हाळी नव्हे, मूत्रमार्गाला सूज आहे. अशा वेळी गनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग आधी तपासायचे. ते नसतील आणि किट घेऊनही त्रास उलटला असेल, तर मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जंतूचा संशय घ्यायलाच हवा. 1981 साली लंडनमधून त्याची पहिली नोंद झाली, तीही तुमच्यासारखाच त्रास असलेल्या दोन पुरुषांच्या नमुन्यांवरून. तरीही आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत त्याचं नाव निघत नाही.

कल्चर निगेटिव्ह येण्यात नवल नाही. नेहमीच्या युरीन कल्चरची प्लेट दोन-तीन दिवसांत निकाली निघते; हा जंतू खास माध्यमात वाढवायचा म्हटला तरी आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय त्याला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) नाही, त्यामुळे ग्रॅम स्टेन (जंतूंना रंग देण्याची पद्धत) करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरी तो दिसत नाही.

किट का फसलं, याचं उत्तरही त्या भित्तिकेतच आहे. करड्या किटमध्ये सेफिक्सिम 400 मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम असतं. सेफिक्सिम जंतूची भित्तिका बांधू देत नाही. जिथे भित्तिकाच नाही तिथे ते करणार काय? अझिथ्रोमायसिनचा एकच डोस कमजोर जंतू मारतो आणि जे थोडे त्याला दाद देत नाहीत ते मागे राहून वाढतात. दहा-बारा दिवसांचं ते ‘बरं वाटणं’ बहुधा असंच असतं. किट चुकीचं नाही, ते गनोरिया-क्लॅमिडियासाठी आहे. चूक होते ती त्रास उलटल्यावर केमिस्टकडून तीच गोळी पुन्हा आणण्यात.

आता तपासणी. पीसीआर, म्हणजे जंतूचं डीएनए शोधणारी चाचणी करायची, आणि लॅबमध्ये जंतूचं नाव स्पष्ट सांगायचं. काही एसटीडी पॅनलमध्ये (लैंगिक आजारांच्या एकत्रित तपासणीत) तो नसतो. नमुना कल्चरच्या नेमका उलट द्यायचा. कल्चरला मधल्या धारेची लघवी लागते, इथे अगदी पहिल्या धारेची. निदान एक तास, जमल्यास दोन, लघवी रोखा. आधी धुऊ-पुसू नका. सुरुवातीची 20 ते 30 मिलिलिटर तेवढीच डबीत घ्या. सवयीने डबी काठोकाठ भरली तर नमुना पातळ होतो आणि जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मॅक्रोलाइड रेझिस्टन्सची, म्हणजे अझिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधांना जंतू दाद देईनासा झालाय का याची चाचणी त्याच नमुन्यावर होते का, तेही विचारा. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी उरकून घ्या.

उपचार दोन टप्प्यांत. आधी डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. एवढ्याने बहुतेकांचा जंतू जात नाही, पण त्याची संख्या घटते आणि पुढच्या औषधाला काम सोपं होतं. मग लगेच, मध्ये खंड न पाडता, दुसरं औषध. रेझिस्टन्स नसल्याचं कळलं असेल तर अझिथ्रोमायसिन पहिल्या दिवशी 1 ग्रॅम आणि पुढचे तीन दिवस रोज 500 मिलिग्रॅम. रेझिस्टन्स असेल किंवा चाचणीच मिळाली नसेल, तर मॉक्सिफ्लॉक्सासिन 400 मिलिग्रॅम, रोज एक, सात दिवस. तुमचा एक डोस वाया गेलाय, तेव्हा डॉक्टर बहुधा हाच मार्ग धरतील.

डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत आणि बसूनच घ्या. घेऊन लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून छातीत जळतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र मनाने घेण्याचं औषध नव्हे. टाचेमागची शीर दुखू लागली, छातीत धडधडलं, तर थांबवून डॉक्टरांना गाठा. लोहाची गोळी किंवा अँटासिड चालू असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन त्याआधी चार तास किंवा त्यानंतर आठ तासांनी घ्या. हेच औषध क्षयरोगावरही वापरतात. दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर आधी सांगा, नाहीतर क्षय तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

प्रश्न : अंगावरून जाणं आणि संबंधांनंतर रक्त, म्हणून तपासणी केली. रिपोर्टमध्ये मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि यूरियाप्लाझ्मा, दोन्ही ‘डिटेक्टेड’. नवऱ्याला काहीच त्रास नाही. लग्नाला दोन वर्षं झाली. त्याचं बाहेर काही आहे, असं समजायचं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : या रिपोर्टवरून तसं सांगता येत नाही. हा संसर्ग लैंगिक संबंधांतूनच येतो हे खरं. पण तो कुणाकडून आला आणि कधी, हे रिपोर्ट सांगत नाही. बऱ्याच जणांना लक्षणंच नसतात आणि जंतू अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त अंगात राहू शकतो. तुमच्या दोघांपैकी कुणाकडेही तो लग्नाआधीपासून असणं अशक्य नाही. भांडण काढण्याआधी नवऱ्याची पहिल्या धारेची लघवी तपासायला पाठवा. त्याचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. एकट्या तुम्ही घेतलंत तर जंतू परत तुमच्याकडे येणार. उपचार सुरू झाल्यापासून 14 दिवस आणि लक्षणं जाईपर्यंत संबंध टाळा.

यूरियाप्लाझ्माची ओळ बहुतेक वेळा सोडून द्यायची असते. तो आणि मायकोप्लाझ्मा होमिनिस निरोगी स्त्रियांतही सर्रास सापडतात. पॅनलमध्ये नाव आलं म्हणून त्यावर अँटिबायोटिक घेऊ नये. संबंधांनंतर रक्त जात होतं, म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी आणि पॅप स्मिअर (तिथल्या पेशींची तपासणी) मात्र करून घ्या. सगळं खापर जंतूवर फोडायला नको.

फेरतपासणी करायचीच असेल तर उपचार सुरू केल्यापासून पाच आठवड्यांनी. तीन आठवड्यांच्या आत केली तर मेलेल्या जंतूंचं डीएनए सापडून रिपोर्ट उगीच पॉझिटिव्ह येऊ शकतो.

प्रश्न : मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम माझ्याही रिपोर्टमध्ये आला आहे आणि आम्हाला मूल हवंय. नळ्या बंद होतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ओटीपोटातल्या सुजेशी आणि वंध्यत्वाशी त्याचा संबंध आढळला आहे, पण क्लॅमिडियाइतका तो पक्का सिद्ध झालेला नाही. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल तर उपचार लांबवू नका. तेव्हा मॉक्सिफ्लॉक्सासिन सातऐवजी 14 दिवस लागतं. नळ्यांत खरंच दोष निघाला तर आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयही तपासावा लागतो. आणि पाळी एक दिवस जरी चुकली असेल तरी पहिली गोळी घेण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, कारण डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही गरोदरपणात टाळतात.