पोराचं इन्स्टा बंद करायला लावू का? एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून दोन ओळीत सांगतो. ताई कोल्हापुरातल्या कळंब्याकडच्या, मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, पुण्यातल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू चांगला झालाय आणि आता एचआरने एक फॉर्म धाडलाय त्यात लिंक्डइनची (नोकरीधंद्यासाठीच्या सोशल मीडिया साइटची) लिंक आणि खाली ‘इतर सोशल मीडिया’ असा रकाना आहे. पोराचं इन्स्टावर पेठेच्या फुटबॉलचं पेज आहे, मॅचचे रील्स, गोल झाल्यावरचा दंगा, आणि मधूनमधून समोरच्या टीमला घातलेल्या शिव्या. मामा म्हणतात सगळं उडवून टाक, पोरगं म्हणतंय माझ्या इन्स्टाशी त्यांचा काय संबंध, आणि ताईंना कळेना कुणाचं ऐकायचं.

पहिला प्रश्न, कंपन्या खरंच बघतात का. बघतात की. पण तुम्हाला वाटतंय तसं कुणीतरी बसून पोराचे सगळे रील्स बघत नाही, एचआरवाल्यांना तेवढा वेळच नसतो. कॅम्पसला शंभर पोरं येतात तेव्हा कुणी काही बघत नाही, बघतात ते शेवटी, दोघं-तिघं उरले की किंवा ऑफर काढायच्या आधी, आणि बऱ्याचदा एचआर नाही तर ज्याच्या हाताखाली काम करायचंय तो मॅनेजरच रात्री घरी बसून गुगलवर नाव टाकून बघतो. ह्याची कुठे नोंद होत नाही, तुम्हाला कुणी कळवत पण नाही. स्थळ आलं की आपण गावात गुपचूप चौकशी करतोच ना, तसंच आहे ते. अमेरिकेत करिअरबिल्डर नावाच्या जॉब साइटने २०१८ साली सर्व्हे केला होता, त्यात ७० टक्के कंपन्या म्हणाल्या की आम्ही उमेदवाराचं सोशल मीडिया बघतो आणि त्या बघणाऱ्यांपैकी ५७ टक्के म्हणाल्या की तिथं काहीतरी सापडलं म्हणून आम्ही माणूस घेतला नाही. हे आकडे तिकडचे, जसेच्या तसे इकडं लावू नका. पण त्याच सर्व्हेत अजून एक गोष्ट होती जी मामांना जरूर सांगा, ४७ टक्के कंपन्या म्हणाल्या की माणूस ऑनलाइन कुठंच सापडला नाही तर त्याला इंटरव्ह्यूला बोलवायची शक्यता कमी. म्हणजे सगळं उडवून टाकलं की सुटलो असं काही नाही.

बघतात काय तर मुख्य दोनच गोष्टी. एक, बायोडेटात लिहिलंय ते खरं आहे का. बायोडेटात सहा महिने इंटर्नशिप आणि लिंक्डइनवर दोनच महिने, किंवा प्रोजेक्ट लिहिलाय कास्टिंगच्या डिफेक्टवर आणि प्रोफाइलला भलतंच काहीतरी, असं असलं की समोरच्याच्या मनात पाल चुकचुकते. पोरं फुटबॉलच्या पोस्टची काळजी करत बसतात आणि नोकरी जाते ती ह्या तारखांपायी, हे मी लई वेळा बघितलंय. दोन, हा माणूस उद्या आपल्या कंपनीचं नाव कुठल्या भानगडीत ओढेल का. जातीवरून धर्मावरून लिहिलेलं, बायकांबद्दल घाणेरडं, जुन्या मालकाचा उद्धार, ह्याला लोक घाबरतात. गणपतीच्या मिरवणुकीत नाचतानाचा व्हिडिओ, मित्राच्या वाढदिवसाला तोंडाला केक फासलेला फोटो, ह्याचं कुणाला काही पडलेलं नसतं.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण उद्या पुण्याचं नाही जमलं तर पोरगं शिरोली किंवा गोकुळ शिरगावलाच अर्ज करणार. इथला फौंड्रीवाला किंवा मशीन शॉपवाला मालक लिंक्डइन उघडत बसत नाही, तो तुमचा नंबर सेव्ह करतो आणि व्हॉट्सॲप बघतो. डीपी ‘सगळ्यांना’ वर असेल तर लगेच दिसतो, आणि पोराने पण मालकाचा नंबर सेव्ह केलेला असला की स्टेटस पण दिसायला लागतं. पोरं इन्स्टा प्रायव्हेट करून निवांत बसतात आणि रात्री बारा वाजता स्टेटसला काय काय टाकतात. एका पोराने पोट बिघडलंय म्हणून सुट्टी टाकली आणि दुपारी राऊतवाडीचा धबधबा स्टेटसला, सगळ्यात आधी बघितलं कुणी तर सुपरवायझरने! आणि ७ जून २०२३ ला आपल्या गावात काय झालं ते तर सगळ्यांनी बघितलंय, मोबाईलवरच्या स्टेटसवरून सुरू झालं आणि दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद इथपर्यंत गेलं. त्यानंतर इथला कुठलाच मालक स्टेटस हा विषय हलक्यात घेत नाही असं माझं तरी मत आहे, आणि त्यात त्यांची चूक पण नाही.

पोरगं म्हणतंय ‘त्यांचा काय संबंध’, तर त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंय की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. पण २०२३ चा डेटा संरक्षणाचा जो कायदा आहे त्यातच लिहिलंय की माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, उदाहरण पण सोशल मीडियावर मतं लिहिणाऱ्या बाईचंच दिलंय. म्हणजे अकाउंट पब्लिक ठेवलं आणि कंपनीने बघितलं तर ह्या कायद्याने भांडायला जागा नाही. पासवर्ड मागितला तर मात्र विषय वेगळा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१२ मध्येच कंपन्यांना असं मागायला बंदी घातली. आपल्याकडे नेमका ह्याच गोष्टीसाठी केलेला कायदा नाही, तरी द्यायचा नाही म्हणजे नाही, मोबाईल अनलॉक करून हातात पण द्यायचा नाही. आणि जी ‘कंपनी’ पासवर्ड, ओटीपी किंवा डिपॉझिट मागते ती कंपनी नसतेच, तिथं थेट ब्लॉक करायचं.

आता ताई, मोबाईल जरा पोराकडं द्या, त्याच्याशीच बोलतो.

हे बघ भावा, पेज बंद करू नकोस. शाहू स्टेडियमवर उन्हात उभं राहून मॅच शूट करायची, रात्री एडिट करून सकाळी टाकायची, सीझनभर न चुकता, हे काम आहे. माझ्यासमोर असा पोरगा आला तर मी बायोडेटात तळाला एक ओळ लिहायला लावीन की स्थानिक फुटबॉलचं पेज चालवतो, शूटिंग आणि एडिटिंग स्वतः करतो. शिव्या असलेले रील्स आणि कॅप्शन मात्र काढ, आणि खाली दुसऱ्यांनी घातलेल्या शिव्या पण, कारण बघणाऱ्याला त्या तुझ्याच पेजवर दिसतात. इन्स्टात ठराविक शब्द आपोआप लपवायची सोय आहे, ती चालू कर, आपल्याकडचे खास शब्द स्वतः त्यात टाकावे लागतील, ते कुठले हे मी तुला सांगायला नको. पेठेचा अभिमान असू दे, त्याशिवाय ह्या गावात फुटबॉल कसला.

मग मोबाईलवर इनकॉग्निटो, म्हणजे लॉगिन नसलेली ब्राउझरची खिडकी, उघड आणि स्वतःचं नाव टाक, नावापुढे कोल्हापूर, नावापुढे कॉलेज, असं फिरवून बघ आणि फोटोंचा टॅब पण बघ. आठवीत काढलेलं फेसबुक अकाउंट अजून जिवंत असणार, त्यात जुन्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करायची सेटिंग आहे. कुणी फोटोत टॅग केलं तर आधी तुझी परवानगी मागेल अशी सेटिंग ठेव. प्रायव्हेट अकाउंटवर पण भरवसा ठेवू नकोस, स्क्रीनशॉट काढायला कुणाची परवानगी लागत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये एका अमेरिकन पीआरवाल्या बाईने लंडनहून केपटाउनला निघताना आफ्रिकेवर एक वाईट विनोद ट्विट केला, तिचे फॉलोअर होते जेमतेम १७०, अकरा तासांचा प्रवास, विमान उतरेपर्यंत अख्ख्या जगाने तो वाचला होता आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

नोकरी लागल्यावरचं पण आत्ताच सांगतो, मेकॅनिकलवाल्यांची खरी चूक तिथंच होते. पहिल्या दिवशी युनिफॉर्म घातला, सेफ्टी शूज घातले, की पोरांना रील करायचं असतं. मागं सीएनसी मशीन चालू, टेबलावर ड्रॉइंग पडलेलं, त्यावर कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, आणि तो पार्ट कदाचित अजून बाजारात न आलेल्या गाडीचा. बऱ्याच प्लांटमध्ये गेटवर सिक्युरिटी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावते ती काय उगीच नाही. ऑफर लेटर सोबत जे गोपनीयतेचे कागद येतात त्यावर पोरं न वाचता सह्या ठोकतात, त्यातच हे सगळं लिहिलेलं असतं आणि त्यावरून घरी बसवता येतं. तू नुसतं ‘फर्स्ट डे’ म्हणून टाकलेलं असतंस, पण कस्टमरचा फोन मालकाला येतो. आयकार्डचा फोटो पण टाकायचा नाही, त्यावर एम्प्लॉयी कोड असतो. आणि वर्षभराने दुसरीकडं जायचं मनात आलं तर लिंक्डइनवर ती हिरवी ‘ओपन टू वर्क’ची पट्टी लावू नकोस, फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय आहे तो निवड, तरी पण तुझ्याच कंपनीच्या एचआरला कळणार नाही ह्याची खात्री लिंक्डइन स्वतःच देत नाही. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबाबद्दल काही लिहायचं नाही हे सांगायची गरज नसावी, पण दरवर्षी कुणीतरी चुकीच्या ग्रुपवर पाठवतंच.

ताई, तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की नाहीच जमलं तर सरकारी परीक्षा देईल. तिकडं तर जास्तच बंधनं आहेत. राज्य सरकारने २८ जुलै २०२५ ला कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावर परिपत्रक काढलंय, कंत्राटी माणसांना पण ते लागू आहे. खाजगी आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवायचं, सरकारच्या धोरणांवर टीका करायची नाही, प्रोफाइल फोटो सोडला तर गणवेश, सरकारी गाडी, ऑफिसची बिल्डिंग हे रील्समध्ये आणायचं नाही. मोडलं तर शिस्तभंगाची कारवाई. मला स्वतःला धोरणावर बोलायची एवढी बंदी पटत नाही, गावातला रस्ता खराब आहे हे म्हणायला पण कर्मचारी घाबरणार असं वाटतं, पण नियम आहे तो आहे, आणि पोराला बोलायची एवढी हौस असेल तर त्याने हा विचार आधी करावा.

आता फॉर्मचं. लिंक्डइनचा रकाना भरायचा, पण आधी बायोडेटा शेजारी ठेवून तारखा, मार्क, प्रोजेक्टचं नाव एकेक जुळवून घ्यायचं. ‘इतर सोशल मीडिया’ पुढं लाल फुली (भरायलाच पाहिजे अशी खूण) नसेल तर रिकामा सोडला तरी चालतो, त्यात लपवाछपवी काही नाही. फुली असेल तर ‘अकाउंट नाही’ असं खोटं लिहायचं नाही, साफ केलेल्या फुटबॉल पेजची लिंक द्यायची. पर्सनल अकाउंट प्रायव्हेट राहू दे, त्याबद्दल इंटरव्ह्यूत विचारलंच तर ‘ते घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी आहे सर’ एवढं म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय म्हणता, तर पोराला आज रात्रीच बसवा, आणि मामांना म्हणावं पेजला हात लावू नका.