बैलगाडा, छकडी, शंकरपट

प्रश्न आला आहे: ‘बैलगाडी’ असताना बातम्यांत ‘बैलगाडा शर्यत’ का लिहितात, आणि शंकरपट म्हणजे तेच का?

‘गाडा’ चूक नाही. डबी-डबा, सुरी-सुरा यांत आकारान्त पुल्लिंगी रूप मोठी वस्तू दाखवतं. शर्यतीतला गाडा मात्र शेतातल्या बैलगाडीहून कितीतरी हलका. इथे आकार नाही, रुबाब वाढलाय. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात शर्यतीच्या चढाला ‘घाट’ म्हणतात, एका गाड्याच्या धावेला ‘बारी’. पुढे घोडी पळते, निकाल सेकंदांवर ठरतो, भोंग्यावरून ‘भिर्रर्र’ घुमतं. तिथे ‘बैलगाडी पळाली’ म्हणालात की तुम्ही बाहेरचे, हे लगेच कळतं.

शंकरपट विदर्भाचा. खेळ त्याच जातीचा, पण तिथे ‘पटाचे बैल’ म्हणतात. त्यामुळे भंडाऱ्याच्या बातमीत ‘बैलगाडा’ घुसडलेला मला खटकतो.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, तिच्या व्याख्येत बैलगाडा शर्यत, छकडी (छोट्या गाडीची शर्यत) आणि शंकरपट ही तिन्ही नावं आली. माझ्या मते ते मुद्दाम होतं: शर्यतीला परंपरा म्हणायचं, तर गावोगावची नावं हाच पहिला पुरावा. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

मधल्या काळात ‘बैलगाडा’ हा शब्द मतांचा झाला. शिरूर लोकसभेत २०१९ ला शर्यत सुरू करण्याचं आश्वासन प्रचारात होतं. निवडून आलेले अमोल कोल्हे २०२२ च्या फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या घाटात बारीपुढे घोडीवर बसले. ‘शब्द पाळला’ अशीच त्याची चर्चा झाली.

याच काळात ‘बैलगाडाप्रेमी’ हा मतदाराचा गट ठरला आणि ‘प्राणीमित्र’ म्हणजे आडवा येणारा शहरी माणूस. हे मला मनापासून सलतं. एकदा बारी संपल्यावर एक म्हातारे गाडामालक सेकंद विचारायच्या आधी बैलाच्या खांद्यावरचा जुवाचा वळ चाचपत होते. पोरावर ओरडले, “मुकं जनावर आहे रं, आधी पाणी दाव!” त्यांना प्राणीमित्र म्हणायला काय हरकत आहे?

तेव्हा लिहिताना पुण्याकडे बैलगाडा, विदर्भात शंकरपट ठेवा. ‘बैलगाडाप्रेमी विरुद्ध प्राणीमित्र’ असा मथळा मात्र टाळा. ‘शर्यतीचे समर्थक’ आणि ‘शर्यतीचे विरोधक’ हे नेमके शब्द आहेत.