येशूवर विश्वास आहे, मग त्याला ‘प्रभू’ मानणं म्हणजे आणखी वेगळं काय?

तुम्ही लिहिलंय की येशूने पापांची क्षमा केली यावर तुमचा विश्वास आहे, रोज प्रार्थनाही करता. पण उपासनेत ‘येशूला जीवनाचा प्रभू कर’ असं ऐकलं की नेमकं करायचं काय, ते कळत नाही. माझ्या मते, जिथे तुमचं मत एक आणि त्याचा शब्द दुसरा, तिथे त्याचा शब्द चालू द्यायचा. दोन्ही जुळतात तिथे प्रभुत्वाचा कस लागतच नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातला पेत्र बघा, पुढे येशूचा शिष्य झालेला कोळी. गनेसरेत सरोवरात रात्रभर जाळी टाकली, हाती काही लागलं नाही. आता किनाऱ्यावर जाळी धुणं चाललंय, म्हणजे काम आटोपलं. अशा वेळी नासरेथचा सुतार येशू सांगतो, खोल पाण्यात ने आणि जाळी सोड. मासेमारी हा पेत्राचा धंदा, येशूचा नव्हे. रात्री मिळालं नाही ते दिवसा कुठून मिळणार? पेत्र हे मनात ठेवत नाही, बोलून दाखवतो. आणि तू म्हणतोस म्हणून सोडतो, असं म्हणून धुतलेली जाळी पुन्हा पाण्यात टाकतो. मासे मिळाले ते नंतर; आज्ञा मानली ती जाळी रिकामी असतानाच.

आमच्या घरातलंही सांगतो. शेताच्या बांधावरून वडिलांचं आणि चुलत्यांचं बोलणं बंद होतं. सरकारी मोजणीही वडिलांच्या बाजूने झाली होती. तरी प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी वडील बॅटरी घेऊन चुलत्यांच्या घरी गेले. कारण एकच, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन (मत्तय 5:23-24). भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही. चुलत्यांनी त्या दिवशी चहाही विचारला नाही आणि बोलणं सुरू व्हायला पुढे बराच काळ गेला. पण प्रभू मानणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही उपदेशापेक्षा त्या संध्याकाळी जास्त कळलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हा अधिकार येशूचा आहे, त्याच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाचा नाही. ‘प्रभूने मला दाखवलंय’ असं म्हणून कोणी तुमचा पैसा, नोकरी, लग्न ठरवू लागला तर सरळ नाही म्हणा. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले (योहान 13). अधिकार ओळखायची खूण तीच. दुसऱ्या शतकात स्मुर्णाचे (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ‘कैसर (रोमन सम्राट) प्रभू आहे’ असं म्हण, ख्रिस्ताची निंदा कर आणि सुटून जा, असं समजावलं गेलं. 86 वर्षं मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, असं त्यांनी उत्तर दिलं आणि मरण पत्करलं.

तुम्ही मत्तयाचे 5 ते 7 अध्याय सलग वाचा. जी आज्ञा वाचताना ‘पण माझी परिस्थिती वेगळी आहे’ असं मनात येईल, तीच आधी पाळायला घ्या. जड जात असेल तर तेही प्रार्थनेत त्याला स्पष्ट सांगा.