मुलाला जवळ घेऊ की नको?

ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असलेल्या तरुण आया हमखास विचारतात, "मला पटकन इन्फेक्शन होतं म्हणे. मग पोराला सर्दी झाली तर जवळ घ्यायचं की नाही?"

अशीच एक जण आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तिशीच्या आतली, मुलगा बालवाडीत. ल्युपस मूत्रपिंडापर्यंत गेल्यामुळे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू. डॉक्टरांनी 'गर्दी टाळा' म्हटलं होतं. घरी त्याचा अर्थ झाला वेगळी खोली, वेगळं ताट, घरातही मास्क आणि मुलगा रात्री आजीपाशी. "मॅडम, तो आता दारातूनच बघतो माझ्याकडं," एवढं म्हणून ती गप्प बसली.

ताटाचा विषय मी आधी घेतला. सासूबाई सोबत होत्या, त्यांनाच विचारलं, "हे वेगळं ताट तिच्या काळजीपोटी, की तुम्हाला काही होईल म्हणून?" त्यांनी मान खाली घातली. ल्युपस संसर्गजन्य नाही, ताटातून तर नाहीच. हे निदानाच्या दिवशीच घरच्यांना सांगायला हवं, पण गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं.

खरी गोष्ट नंतर कळली. घरात कुणी शिंकलं की ही मायकोफेनोलेट चुकवायची, प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा प्यायची आणि ताप आला की पॅरासिटामॉल घेऊन कुणाला सांगायची नाही. का? तर "पुन्हा ॲडमिट करतील."

म्हणजे माणसांची धास्ती आणि तापाकडे काणाडोळा. नेमकं उलटं. मी तसंच सांगितलं तिला.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती वाट चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटते, तिला काढ्यानं आणखी चेतवून काय मिळणार? गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलंय. संसर्गाचा धोका थोडा आजारामुळे असतो, बराचसा स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसमधलं नेहमीचं औषध त्यात मोडत नाही. ते घेणाऱ्यांना संसर्ग उलट कमी होताना दिसतात. मायकोफेनोलेट संसर्गात काही दिवस थांबवतातही, पण ते डॉक्टर ठरवतात. स्टिरॉइड तर मनानं एकदम बंद करायचंच नाही. शरीरानं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे जिवावर बेतू शकतं.

तापाबद्दल मी सगळ्यात जास्त बोलले. ल्युपस उसळल्याचा ताप आणि संसर्गाचा ताप बाहेरून सारखेच दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध. रक्त-लघवीच्या तपासण्या, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी), कधी एक्स-रे, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. घरात पडून ते कळत नाही. त्यातून स्टिरॉइडमुळे ताप दबलेलाही असू शकतो. म्हणून ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, थंडी वाजली, लघवीला जळजळ झाली, अंगावर एका बाजूला पाण्याचे फोड आले, तर त्याच दिवशी फोन. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर टीबीची तपासणी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी तिनं घेतल्या नव्हत्या, त्यासाठी परत डॉक्टरांकडे पाठवलं. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी या औषधांवर तिला चालत नाहीत, हेही सांगितलं.

आणि मुलगा? कुशीत घे. त्याला सर्दी-ताप असेल तेवढे दिवस मास्क, हात धुणं, झोपायला आजी. कांजिण्या आल्या तर मात्र लांब राहायचं आणि लगेच कळवायचं. लग्नाला जायचं, फक्त कोंदट हॉलमध्ये तासन्‌तास बसायचं नाही.

पावसाळ्यात तिचा फोन आला, ताप आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी. लघवीचा संसर्ग निघाला, ॲडमिट न होता बरा झाला. आता तिला दुसरं मूल हवंय. मायकोफेनोलेटवर गर्भ राहू देता येत नाही, म्हणून पुढच्या भेटीत नवऱ्यालाही डॉक्टरांपुढे बसवायचं ठरलंय.